हिमयुगातले सागरी प्रवाह: पाणी कुठले होते आणि किती वेगाने वाहत होते

प्रश्नकर्त्याने एका दमात चार गोष्टी विचारल्या आहेत. हिमयुगात गल्फ स्ट्रीम बंद पडला होता हे खरे का; वीस हजार वर्षांपूर्वीचा प्रवाह आज मोजायचा तरी कसा; तसे पुन्हा घडेल का; आणि या सगळ्याचा आपल्या अरबी समुद्राशी काही संबंध होता का. पहिल्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की गल्फ स्ट्रीम बंद पडल्याचा कोणताही पुरावा नाही. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन कडाक्यात, म्हणजे सुमारे २१,००० वर्षांपूर्वी, अटलांटिकमधले वर-खाली फिरणारे अभिसरणसुद्धा थांबलेले नव्हते. ते उथळ झाले होते. ते जवळजवळ थांबल्याची सर्वांत भक्कम खूण मिळते ती या कडाक्यानंतरची आहे, हिमस्तर ढासळून उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचे तांडे शिरले त्या काळातली. ‘हिमयुग म्हणजे बंद प्रवाह’ हे समीकरण इतके रुळले आहे की ते का चुकते, हे सविस्तर सांगणे भाग आहे.

मुळात दोन प्रवाहांची गल्लत होते. गल्फ स्ट्रीम हा प्रामुख्याने वाऱ्याने चालणारा प्रवाह आहे. उष्ण कटिबंधातले पूर्वेकडून येणारे वारे आणि मध्य अक्षांशांतले पश्चिमी वारे मिळून अटलांटिकच्या वरच्या थरात एक प्रचंड चक्र फिरते ठेवतात, आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे त्या चक्राची पश्चिमेकडची कड अरुंद व वेगवान होते; तीच कड म्हणजे गल्फ स्ट्रीम. वारे वाहत आहेत आणि पृथ्वी फिरते आहे तोवर तो राहणारच. त्याचे बरेचसे पाणी चक्राबरोबर दक्षिणेकडे परत वळते. उरलेला भाग मात्र ईशान्येकडे नॉर्वे आणि ग्रीनलंडच्या समुद्रांपर्यंत जातो, वाटेत आपली उष्णता वातावरणाला देऊन थंड होतो, आणि बाष्पीभवनामुळे मुळातच खारट असल्याने अखेरीस इतका जड होतो की दोन ते चार किलोमीटर खोल उतरून दक्षिणेकडे वाहू लागतो. वर उत्तरेकडे आणि खाली दक्षिणेकडे जाणाऱ्या या फेऱ्याला मी पुढे ‘उभे अभिसरण’ म्हणेन. बहामा बेटांपासून आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत, २६.५ अंश उत्तर अक्षांशावर, समुद्रतळाशी नांगरलेली उपकरणे २००४ पासून त्याची सतत मोजणी करत आहेत. त्याची सरासरी सेकंदाला सुमारे १.७ कोटी घनमीटर, म्हणजे सागरविज्ञानाच्या भाषेत १७ स्वेर्ड्रुप भरते. एवढ्या ओघाखाली कोयनेचे रिकामे जलाशय तीन मिनिटांच्या आत काठोकाठ भरेल. या पाण्याबरोबर त्या अक्षांशावरून उत्तरेकडे जाणारी उष्णता सुमारे १२ लाख गिगावॅट इतकी आहे. हिमयुगात मोठे फेरफार झाले ते या फेऱ्यात.

हा फेरा नाजूक का आहे, हे अमेरिकी सागरवैज्ञानिक हेन्री स्टॉमेल यांनी १९६१ साली दोन कप्प्यांच्या अगदी साध्या गणिती प्रारूपातून दाखवले. उत्तरेकडे वाहणारे पाणी स्वतःबरोबर मीठ नेते, त्या मिठामुळे उत्तरेकडचे पाणी जड होऊन बुडते, आणि बुडण्यामुळे आणखी खारट पाणी ओढले जाते. म्हणजे प्रवाह आपल्याच मिठावर तगून असतो. उत्तरेत पुरेसे गोडे पाणी ओतले की हीच साखळी उलट फिरते: पाणी हलके होते, बुडणे मंदावते, मीठ येणे कमी होते आणि पाणी आणखी हलके होते. सारख्याच बाह्य परिस्थितीत प्रवाहाच्या दोन वेगवेगळ्या स्थिर अवस्था असू शकतात, ही कल्पना तिथून आली. खरा समुद्र दोन कप्प्यांचा नाही, हे स्टॉमेलनाही ठाऊक होते. तरीही आजची अवाढव्य संगणकीय प्रारूपे कोड्यात टाकतात तेव्हा आम्ही बहुतेक जण पुन्हा त्याच दोन कप्प्यांकडे वळतो.

आता मोजमापाकडे. खोल समुद्राच्या तळावर गाळ हजार वर्षांत साधारण दोन-तीन सेंटिमीटर साचतो. नळकांडे टाकून तो उभाच्या उभा बाहेर काढला (या नळीभर गाळाला ‘गाभा’ म्हणतात) की खाली जुना आणि वर नवा असा क्रम हाती येतो. त्यातला सेंटिमीटरभराचा तुकडा पाण्यात कालवून ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर धुतला की चिखल निघून जातो आणि पांढऱ्या वाळूसारखे काहीतरी उरते. सूक्ष्मदर्शकाखाली ती वाळू नसून फोरामिनिफेरा या एकपेशीय जीवांची चुनखडीची कवचे आहेत, हे दिसते. ओल्या केलेल्या बारीक कुंचल्याच्या टोकाने ती एकेक करून उचलायची असतात. इथे निवड महत्त्वाची ठरते. समुद्राच्या वरच्या थरात तरंगणाऱ्या जाती वेगळ्या, तळावर राहणाऱ्या वेगळ्या. आणि तळावरच्यांतही गाळाच्या पृष्ठभागावर राहणारा सिबिसिडॉइडीस हा वंश हवा असतो, गाळात शिरून राहणारा युविजेरिना नको. दुसऱ्याचे कवच गाळातल्या कुजणाऱ्या पदार्थांच्या रसायनाने रंगलेले असते. पहिल्याच्या कवचात बाहेरच्या खोल पाण्याची नोंद त्या मानाने शुद्ध मिळते.

त्या नोंदीतली सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत उपयोगी खूण म्हणजे कार्बनच्या दोन स्थिर समस्थानिकांचे, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचे, प्रमाण. पृष्ठभागावरच्या वनस्पतिप्लवकांना हलका कार्बन-१२ जास्त पसंत असतो. ते मरून खाली पडतात, कुजतात आणि तो हलका कार्बन खोल पाण्यात सोडतात. त्यामुळे पृष्ठभागावरून नुकतेच बुडालेले पाणी कार्बन-१३ ने तुलनेने समृद्ध असते, आणि जे पाणी जितका काळ खोल राहिले तितके ते हलक्या कार्बनने भरत जाते. आज उत्तर अटलांटिकच्या खोल पाण्यात हे मूल्य ठरलेल्या मानकाच्या तुलनेत दर हजारी सुमारे +१ असते, तर प्रशांत महासागराच्या तळाशी शून्याच्या आसपास. कवचातील कॅडमियमचे प्रमाण पाण्यातल्या फॉस्फेटचा माग देते, आणि एड बॉइल व लॉइड किग्विन यांनी १९८० च्या दशकात त्या स्वतंत्र वाटेनेही हिमयुगातल्या अटलांटिकचे तसेच चित्र मिळवले.

त्या चित्रात दोन मजले दिसतात. हिमयुगाच्या कडाक्यात अटलांटिकमध्ये सुमारे २,००० ते २,५०० मीटर खोलीपर्यंत उत्तरेकडून बुडालेले ताजे पाणी होते. त्याचे कार्बन मूल्य आजच्यापेक्षाही जास्त, +१.५ च्या घरात. त्याखाली मात्र मूल्ये झपाट्याने घसरतात आणि दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूने आलेल्या पोषकद्रव्यांनी भरलेल्या पाण्याचे लक्षण दिसू लागते. म्हणजे उत्तरेत पाणी बुडत होते, पण आजच्याइतके खोल जात नव्हते, आणि त्याच्या खालची जागा दक्षिणेच्या पाण्याने घेतली होती.

दक्षिणेच्या पाण्याला एवढे वजन आले कुठून, याचे उत्तर मला या सगळ्या विषयातले सर्वांत देखणे मोजमाप वाटते. गाळाच्या कणांमधल्या फटींत जे पाणी अडकते ते हजारो वर्षे फार हळू मिसळत राहते. जेस अ‍ॅडकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली चार ठिकाणच्या गाळातून असे पाणी पिळून काढले आणि त्यातले क्लोरिनचे व ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण खोलीगणिक कसे बदलते, त्यावरून हिमयुगातली क्षारता व तापमान काढले. समुद्रपातळी सुमारे १२० मीटर खाली गेल्याने, म्हणजे तेवढे गोडे पाणी जमिनीवर बर्फ होऊन बसल्याने, सगळाच समुद्र साधारण तीन टक्क्यांनी जास्त खारट झाला होता, हे अपेक्षितच होते. अनपेक्षित होते ते असे की सर्वांत खारट पाणी दक्षिण महासागराच्या अटलांटिक भागात, समुद्रतळावरच्या शोना उंचवट्यावर, निघाले: दर हजारी सुमारे ३७, जिथे आज ते ३४.७ आहे. आज खोल अटलांटिकमध्ये उत्तरेचे पाणी जास्त खारट आणि दक्षिणेचे कमी खारट असते. हिमयुगात हा क्रम उलटा होता, आणि ठिकठिकाणचे खोल पाणी गोठणबिंदूच्या अगदी जवळ होते.

कारण बहुधा समुद्री बर्फाचे आहे. समुद्राचे पाणी गोठते तेव्हा बर्फ मीठ बाहेर टाकतो आणि आजूबाजूचे पाणी तीव्र खारट होते. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याशी तयार झालेला बर्फ वाऱ्याने उत्तरेकडे जाऊन वितळला, की किनाऱ्याशी मीठ उरते आणि गोडे पाणी दूर जाते. आज किनाऱ्यावरच्या हिमकट्ट्यांच्या, म्हणजे जमिनीवरून समुद्रात तरंगत आलेल्या जाड बर्फाच्या, बुडाशी तुलनेने उबदार पाणी पोहोचून बर्फ वितळवते आणि त्यामुळे ते मीठ काहीसे पातळ होते. हिमयुगातल्या थंड समुद्रात हे वितळणे कमी झाले आणि समुद्री बर्फाचा विस्तार वाढला. परिणामी तळाशी थंड, अतिखारट, जड पाण्याचा असा थर बसला की वरच्या थराशी त्याचे मिसळणे अवघड झाले.

इथवर सांगितलेले सारे पुरावे पाणी कुठले होते ते सांगतात. ते किती वेगाने वाहत होते हे सांगत नाहीत. या क्षेत्रातले निम्मे वाद या दोन प्रश्नांच्या सरमिसळीतून जन्मलेले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या खोलीवर दक्षिणेचे पाणी सापडले म्हणजे वरचा उत्तरेचा प्रवाह मंद होता असे सिद्ध होत नाही. पाणी उथळ पण जोरात, किंवा खोल पण संथ वाहू शकते. वेगासाठी वेगळे घड्याळ लागते, आणि ते युरेनियमने पुरवले आहे.

समुद्राच्या पाण्यात युरेनियम सर्वत्र जवळजवळ सारखेच विरघळलेले असते. त्याच्या एका समस्थानिकापासून प्रोटॅक्टिनियम-२३१ आणि दुसऱ्यापासून थोरियम-२३० तयार होत राहते, आणि प्रोटॅक्टिनियमचे थोरियमशी असलेले निर्मितीचे प्रमाण सगळीकडे ठरलेले असते: ०.०९३. दोन्ही मूलद्रव्ये पडणाऱ्या कणांना चिकटून तळाशी जातात, पण थोरियम वीस ते चाळीस वर्षांत जाते, तर प्रोटॅक्टिनियमला शंभर ते दोनशे वर्षे लागतात. एवढ्या अवधीत पाणी वाहते असेल तर प्रोटॅक्टिनियमचा मोठा भाग अटलांटिकच्या बाहेर वाहून जातो आणि मागे राहिलेल्या गाळात प्रमाण ०.०९३ पेक्षा कमी भरते. प्रवाह थांबला तर दोन्ही जिथल्या तिथे पडतात आणि गाळात ०.०९३ च मिळते.

जेरी मॅकमॅनस आणि सहकाऱ्यांनी २००४ साली बर्म्युडा उंचवट्यावरच्या, साडेचार किलोमीटर खोलीवरून काढलेल्या गाळात हे प्रमाण मोजले. त्या जागेची निवड विचारपूर्वक केलेली होती; तिथे समुद्रतळाचे प्रवाह दूरवरचा चिखल आणून टाकतात, त्यामुळे गाळ नेहमीच्या कित्येक पट वेगाने साचतो आणि शतकांच्या पातळीवरचे बदल सुटे दिसतात. निष्कर्ष असा निघाला की हिमयुगाच्या कडाक्यात प्रमाण आजच्यापेक्षा थोडेसेच वर होते, म्हणजे पाणी वाहत होते. मग सुमारे १७,५०० वर्षांपूर्वी ते चढत जाऊन जवळजवळ ०.०९३ ला टेकले आणि बराच काळ तिथेच राहिले. त्यानंतर सुमारे १४,७०० वर्षांपूर्वी, उत्तर गोलार्ध अचानक उबदार झाला त्याच सुमारास, ते झपाट्याने खाली आले.

हे घड्याळही निर्दोष नाही. डायटम या सूक्ष्म शैवलांच्या सिलिकामय कवचांना प्रोटॅक्टिनियम विशेष चिकटते. ती कवचे गाळात वाढली तर प्रवाह न बदलताही प्रमाण वाढू शकते. म्हणून एकाच गाभ्यावर विसंबायचे नसते. तळाच्या प्रवाहाचा जोर १० ते ६३ मायक्रॉनच्या गाळकणांच्या सरासरी आकारावरून वेगळा मोजता येतो, कारण जोरदार प्रवाह बारीक कण उडवून नेतो आणि जाड कण मागे ठेवतो. तिसरा मार्ग फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीतला आहे. पृथ्वीच्या परिवलनामुळे वाहत्या प्रवाहाच्या दोन काठांवर पाण्याची घनता वेगळी असते आणि हा फरक प्रवाहाच्या जोराशी बांधलेला असतो. जीन लिंच-स्टीग्लिट्झ यांनी १९९९ साली फ्लोरिडा आणि बहामा या दोन्ही बाजूंच्या तळावरील कवचांतल्या ऑक्सिजन समस्थानिकांवरून हिमयुगातला घनतेचा फरक काढला. आज तिथून सुमारे ३१ स्वेर्ड्रुप पाणी जाते. हिमयुगात ते आजच्या सुमारे दोन तृतीयांश होते. वारे काही दुबळे नव्हते, म्हणून ही घट बहुतांशी उभ्या अभिसरणाच्या वाट्याला घालावी लागते. थांबलेला प्रवाह असे वागत नाही. कमी झालेला वागतो.

पाणी कोणत्या प्रदेशातून आले याची खूण देणाऱ्या निओडायमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांनी अलीकडे या चित्रात आणखी एक दुरुस्ती सुचवली आहे. त्यांच्या मते २,५०० मीटरच्या खालीही उत्तरेचे पाणी बऱ्याच प्रमाणात मिसळलेले होते, आणि कार्बनची घसरलेली मूल्ये काही अंशी पाणी तिथे जास्त काळ राहिल्यामुळे आलेली आहेत. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. उथळ झालेल्या वरच्या फेऱ्याचे चित्र त्याने मोडत नाही, पण पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये दोन मजल्यांमध्ये जी रेघ ठळक ओढलेली असते ती पुसट करावी लागते.

आता प्रवाह जवळजवळ थांबल्याच्या काळाकडे येऊ. जर्मन भूवैज्ञानिक हार्टमुट हाइनरिख यांनी १९८८ साली ईशान्य अटलांटिकच्या गाळात ठराविक अंतरांनी येणारे खडबडीत वाळूचे थर वर्णिले. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, भर समुद्रात, एरवी तलम चिखल असताना मध्येच चुनखडक आणि डोलोमाइटचे तुकडे येतात. एवढे जाड तुकडे वाहून आणणारे वाहन एकच, ते म्हणजे हिमनग. आणि त्या चुनखडकाचे मूळ मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या हडसन सामुद्रधुनीच्या परिसरात सापडते. शेवटच्या हिमयुगातले असे सहा मुख्य थर क्रमांकाने ओळखले जातात. बर्म्युडाच्या गाळातली ०.०९३ ची चढण यांपैकी पहिल्याशी, म्हणजे सर्वांत अलीकडच्याशी, जुळते. वितळत्या हिमनगांनी उत्तर अटलांटिकवर गोड्या पाण्याचा पापुद्रा पसरवला आणि स्टॉमेलची साखळी उलटी फिरली, हे स्पष्टीकरण इथे नेमके लागू पडते.

मात्र ते सरसकट लावू नये. वरच्या थरातले पाणी थंड होण्याची सुरुवात आणि हिमनगांचे आगमन यांचा क्रम बारकाईने तपासला, तर अनेकदा थंडी आधी आणि हिमनग नंतर असे दिसते. प्रवाह मंदावला की उत्तर अटलांटिकच्या पृष्ठभागाखाली, काही शे मीटरवर, उष्णता साठत जाते. ती हिमकट्ट्यांचा बुडाचा आधार वितळवते, कट्टा फुटतो, मागचा हिमस्तर समुद्रात घसरतो. म्हणजे हिमनग हे मंदावण्याचे मूळ कारण नसून मंदावलेल्या प्रवाहाला आणखी खाली दाबणारे ओझे ठरतात. शिवाय सर्व सहा थर सारखे नाहीत. दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या काळात फ्लोरिडाच्या सामुद्रधुनीत प्रवाहाचा फरक अगदी माफक होता.

ग्रीनलंडच्या बर्फात याहून अधिक वेळा घडलेले चढउतार नोंदलेले आहेत. विली डान्सगार्ड आणि हान्स ओश्गर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पंचवीसेक घटनांत ग्रीनलंडचे तापमान काही दशकांत ८ ते १६ अंश सेल्सियसने चढले आणि मग शतकांनी उतरले. बर्म्युडाच्या गाळाची लांबवर नोंद काढल्यावर, जवळजवळ प्रत्येक थंड टप्प्यात खोल प्रवाह कमजोर होता हे २०१६ साली दाखवले गेले. याच काळात अंटार्क्टिका उलट वागतो: उत्तर थंड असताना तो सावकाश तापतो. प्रवाह उत्तरेकडे उष्णता नेईनासा झाला की ती दक्षिण गोलार्धातच साठत राहते. पश्चिम अंटार्क्टिकातल्या हिमगाभ्याची तपासणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात ग्रीनलंडमधल्या उलथापालथीनंतर अंटार्क्टिकातला कल बदलायला सुमारे दोनशे वर्षे लागत असल्याचे दिसते. हवेमार्फत हा निरोप काही वर्षांत पोहोचला असता. दोन शतकांचा उशीर हा समुद्रामार्फत गेलेल्या निरोपाचा आहे. अप्रत्यक्ष असला तरी सागरी प्रवाहाच्या बाजूने माझ्या लेखी हाच सर्वांत भक्कम पुरावा.

हिमयुग संपता संपता, १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी, यंगर ड्रायस हा थंडीचा शेवटचा मोठा टप्पा येऊन गेला. त्यात बर्म्युडाचे प्रमाण वाढले, पण ०.०९३ पर्यंत गेले नाही. प्रवाह मंदावला, थांबला नाही. वितळत्या उत्तर अमेरिकी हिमस्तराच्या काठावरचे अगासिझ नावाचे विराट सरोवर समुद्रात रिकामे झाल्याने हे घडले, असे अमेरिकी भूरसायनशास्त्रज्ञ वॉलेस ब्रोकर यांनी मांडले होते. पाणी सेंट लॉरेन्सच्या बाजूने गेले की मॅकेंझी नदीवाटे आर्क्टिकमध्ये, यावर पुढे बराच खल झाला. त्याच सरोवराचा उरलासुरला साठा सुमारे ८,२०० वर्षांपूर्वी हडसन उपसागरातून बाहेर पडला, तेव्हा पुन्हा एक छोटी थंडी आली आणि दीडएक शतकात ओसरली.

कार्बन डायऑक्साइडचा मुद्दा वगळून हे उत्तर पुरे होणार नाही. हिमयुगात हवेतले त्याचे प्रमाण दशलक्षांत १८० ते १९० भाग होते, औद्योगिक काळापूर्वी २८०. एवढा कार्बन जमिनीवर दडवायला जागाच नव्हती, कारण जंगले आक्रसलेली होती. तो खोल समुद्रात गेला. दक्षिण महासागराच्या तळावरील कवचांतला किरणोत्सारी कार्बन मोजल्यावर, तिथले खोल पाणी हवेच्या तुलनेत आजच्या दुपटीहून अधिक ‘जुने’ होते, असे दिसते; म्हणजे ते फार काळ हवेच्या संपर्कात आलेले नव्हते. वर सांगितलेल्या अतिखारट थराने झाकणाचे काम केले. उत्तरेकडे हिमनगांनी प्रवाह दाबला, दक्षिण गोलार्ध तापला, अंटार्क्टिकाभोवतीचा समुद्री बर्फ मागे हटला, खोल पाणी वर येऊ लागले आणि साठलेला कार्बन हवेत सुटला. त्या काळी अंटार्क्टिकाभोवती डायटमांच्या कवचांचा खच एकदम वाढतो, तो खालचे पोषक पाणी वर आल्याची साक्ष आहे. हिमयुग संपवण्यात सागरी प्रवाहाचा वाटा आहे तो इथे; नुसत्या उत्तरेकडच्या उष्णतेपुरता नाही.

त्याआधीच्या हिमयुगांचे पुरावे विरळ होत जातात, पण एक घटना सांगण्याजोगी आहे. सुमारे दहा लाख वर्षांपूर्वीपर्यंत हिमयुगे साधारण ४१ हजार वर्षांच्या अंतराने येत. नंतर ते अंतर एक लाखाच्या आसपास गेले आणि हिमस्तर जाड झाले. या संक्रमणात, सुमारे साडेनऊ ते साडेआठ लाख वर्षांपूर्वी, अटलांटिकचे उभे अभिसरण अतिशय कमजोर झाले होते आणि मधल्या उबदार टप्प्यातही पुरते सावरले नव्हते, असे दक्षिण अटलांटिकमधल्या निओडायमियमच्या नोंदी सांगतात.

पुन्हा तसे घडेल का, याला हिमयुगाचा दाखला सरळ लावता येत नाही. तेव्हा उत्तर अमेरिकेवर किलोमीटरांनी मोजावा लागणारा बर्फ होता आणि जेमतेम ५० मीटर खोल बेरिंग सामुद्रधुनी कोरडी पडल्याने प्रशांत महासागराचे कमी खारट पाणी आर्क्टिकमार्गे अटलांटिकमध्ये येणे बंद होते. आज ती वाट उघडी आहे आणि हिमनगांचा तसा साठा फक्त ग्रीनलंडवर उरला आहे. आंतरशासकीय हवामानबदल मंडळाच्या २०२१ च्या अहवालाने या शतकात उभे अभिसरण मंदावणे अतिशय संभाव्य मानले आहे, आणि २१०० पूर्वी ते अचानक कोसळणार नाही, असे मध्यम विश्वासाने म्हटले आहे. ‘मध्यम विश्वास’ हे शब्द वाचून कोणी निर्धास्त होऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये.

शेवटचा प्रश्न अरबी समुद्राचा. त्याला उत्तर अटलांटिकची थंडी जाणवली, आणि ती पाण्यावाटे कमी व वाऱ्यावाटे जास्त आली. अटलांटिकचा प्रवाह मंदावला की विषुववृत्ताजवळचा पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो आणि आशियातला उन्हाळी मोसमी वारा दुबळा पडतो. चीनमधल्या नानजिंगजवळच्या हुलू गुहेतल्या चुनखांबांत हे चढउतार ग्रीनलंडच्या बरोबरीने उमटलेले आहेत. अरबी समुद्रात याच वाऱ्यामुळे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्यालगत खालचे थंड, पोषक पाणी वर येते. त्या पाण्यात वाढणाऱ्या ग्लोबिजेरिना बुलॉइडिस या जातीची कवचे थंड टप्प्यांत घटतात. पोषण घटले की वरची पैदास घटते, कुजायला कमी उरते आणि १५० ते १,२०० मीटरच्या दरम्यान आज जो प्राणवायूने जवळजवळ रिकामा पट्टा आहे तो विरतो. पाकिस्तानच्या किनाऱ्यापुढच्या गाळात हे उघड्या डोळ्यांनी दिसते: उबदार टप्प्यांत, तळावर किडेच जगू न शकल्याने, काळसर चिखलाचे पातळ पापुद्रे जसेच्या तसे टिकलेले, थंड टप्प्यांत तोच गाळ फिका आणि किड्यांनी ढवळून एकजीव केलेला. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या नोंदीत गेल्या १,१०,००० वर्षांतले ग्रीनलंडचे चढउतार एकामागून एक जुळतात.

समुद्रपातळीचा परिणाम वेगळा धरावा लागतो. इराणचे आखात सरासरी ३५ मीटर खोल आहे. हिमयुगाच्या कडाक्यात ते जवळजवळ पूर्ण कोरडे होते, म्हणजे तिथून अरबी समुद्रात उतरणारे खारट पाणी मुळात नव्हतेच. तांबड्या समुद्राच्या मुखाशी हनिश बेटांजवळचा उंबरठा १३७ मीटर खोल आहे, त्यावर तेव्हा जेमतेम पंधरा-वीस मीटर पाणी उरले असावे. देवाणघेवाण इतकी आखडली की तांबड्या समुद्राची क्षारता दर हजारी ५० च्या वर गेली आणि तरंगणारे फोरामिनिफेरा तिथल्या गाळातून काही काळ नाहीसे झाले. अरबी समुद्राच्या मधल्या थरांना आज मिळणारे हे दोन्ही खारट ओघ हिमयुगात असे आटले होते.

आपल्या किनाऱ्यापुढची समुद्रबूड जमीन मुंबईसमोर सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे आणि तिचा मोठा भाग त्या वेळी उघडा होता. मुंबई हायचे तेलक्षेत्र, जिथे आज सुमारे ७५ मीटर पाणी आहे, तेही जमिनीवरच असणार. म्हणून कोकण-गोव्यासमोरचा हिमयुगीन प्रवाह वाचायचा तर गाळ त्या जमिनीपलीकडच्या उतारावरून किंवा त्याहून खोलातून घ्यावा लागतो. २०१५ साली अरबी समुद्राच्या तळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात झालेल्या आंतरराष्ट्रीय खोदकामाने असा गाळ लाखो वर्षे मागे नेला आहे. आज हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातले कमी खारट पाणी श्रीलंकेला वळसा घालून केरळ, कर्नाटक, गोवा असे उत्तरेकडे येते. हिमयुगात हिवाळी ईशान्य वारे जोरदार होते, त्यामुळे या प्रवाहाला रेटा जास्त मिळाला असावा. पण उन्हाळी पाऊस कमी झाल्याने हिमालयातल्या नद्यांचे पाणी घटून बंगालचा उपसागर स्वतःच खारट झालेला होता, आणि पाल्कची सामुद्रधुनी जमीन झाल्याने श्रीलंका भारताला जोडलेली होती. ढकलणारा वारा वाढला आणि ढकलायचे गोडे पाणी घटले, असे हे दोन परस्परविरोधी परिणाम आहेत. त्यामुळे पूर्व अरबी समुद्रातल्या एखाद्या गाभ्यात कवचांतल्या ऑक्सिजन समस्थानिकांचे मूल्य हलके निघाले तर ते जास्त गोड्या पाण्यामुळे की उबदारपणामुळे, हे त्याच कवचातले मॅग्नेशियम मोजून तापमान वेगळे काढल्याशिवाय ठरवू नये.